चादरीमागचं चाक

असं समजा, की तुम्ही एका दुकानाच्या उंबऱ्यावर बसला आहात. दुकान एवढंसं, की मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना टेकतील. समोर रस्ता, सायकली, कापडाचे गठ्ठे वाहणारी माणसं. पाठीमागे दोरीवर टांगलेली एक जाड निळी चादर. चादरीपलीकडे दगडाचं चाक फिरतंय, आणि त्याला लोखंड टेकलं की लांबलचक सूर निघतोय. तुमच्या हातात दोऱ्याचं लाकडी रीळ आहे आणि शेजारी पत्र्याचा रिकामा डबा. तुमचं काम एकच. कुणी दुकानाकडे वळताना दिसलं, की डब्यावर टकटक करायचं. टकटक झाली, की चाक थांबतं.

का बरं थांबत असेल? घाई करू नका. मी सांगतोच आहे.

त्या उंबऱ्यावर जी खरोखर बसायची, तिला घरात सगळे शेपटी म्हणत. लहानपणी ती आईच्या इतकी मागे मागे फिरायची, की आई वळली की हिच्यावर आपटायची. आता ती चौथीत गेली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

दुकान धार लावायचं. रस्ता शिंप्यांचा, त्यामुळे येणाऱ्या बहुतेक कात्र्याच. शिंप्याची कात्री बोथट झाली, की ती कापड कापत नाही, चावते. दुकान आधी आजोबांचं होतं, मग शेपटीच्या बाबांचं. बाबा आजारपणात गेले, तोवर आजोबांचे हात थरथरायला लागले होते. पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मा सांडायचा. उरली आई. बाबांच्या शेजारी बसून ती काम शिकली होती, आणि आजोबाच म्हणायचे, की पोराचा हात जड होता, सुनेचा हलका आहे.

पण आई पहिल्यांदा पुढच्या खुर्चीवर बसली, तेव्हा गंमतच झाली. शिंपी यायचे, आत डोकवायचे.

"कुणी नाही का दुकानात?"

"मी आहे की. द्या कात्री."

"असू दे. थोडं कापायचं राहिलंय अजून. नंतर येतो."

कुणी वावगं बोललं नाही. फक्त नंतर कुणी आलं नाही.

मग ती चादर आली. "ठिणग्या उडतात ना, म्हणून लावलीय," असं गिऱ्हाइकांना सांगायचं ठरलं. पुढे खुर्चीवर आजोबा, हात मांडीवर एकमेकांत गुंतवून, म्हणजे थरथर दिसायला नको. मागे आई आणि चाक. गिऱ्हाईक वळलं की टकटक, चाक बंद. आजोबा कात्री ठेवून घेत आणि म्हणत, "संध्याकाळी न्या. माझ्या हातचं काम आहे, तक्रार यायची नाही." हे वाक्य ते तरुणपणापासून म्हणत आले होते. तेव्हा ते खरं होतं. पुढे वाक्य तसंच राहिलं आणि त्यातला खरेपणा हळूच निघून गेला, दुधावरची वाफ जाते तसा.

शेपटीलाही उत्तरं शिकवलेली होती. धार कोण लावतं? आजोबा. आई काय करते? घरी असते. पाढे पाठ व्हायच्या आधी तिला ही उत्तरं पाठ झाली. ती खोटी आहेत असं तिला वाटायचंच नाही. घरी एक भाषा असते आणि गिऱ्हाइकांशी एक, एवढंच तिला ठाऊक.

तिचं आणखी एक काम होतं, आणि ते तिला फार आवडायचं. धार लावून झालेली कात्री ती चिंधीवर चालवून बघायची. नीट लागली असेल तर 'कच्' असा एकच स्वच्छ आवाज यायचा. टोकाशी एखादा धागा अडकला, तर ती चादरीखालून कात्री परत सरकवायची आणि म्हणायची, "नापास." आतून आई म्हणायची, "बाई, फार कडक हो तुम्ही."

सगळं असंच चाललं असतं. पण आईचा गुडघा धरला. ते चाक पायाने चालायचं. खाली लोखंडी पायडल, ते दाबत राहायचं तेव्हा वर दगड फिरायचा. दिवसभर एकाच पायावर. आधी गुडघा रात्री दुखायचा, मग दिवसाही, मग सुजून असा गोल झाला, की शेपटीला त्याच्याकडे बघवेना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, आई ओठ घट्ट मिटून बसली.

"हे पायडल बंद करायचं," डॉक्टर म्हणाले.

"मग चाक कसं फिरणार?"

"ते मला कसं माहीत, बाई? गुडघ्याचं तेवढं मला माहीत. असंच चालू ठेवलंत, तर वर्षभरात काठीशिवाय उभ्या राहणार नाही."

त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. ज्या बाईचा स्वतःचा धंदा आहे, तिला सरकार धंद्याचं मशीन देणार. शेपटीनेच तो आईला वाचून दाखवला, एका दमात. धार लावायचं मोटरचं चाकही मिळतं, हे पुढे महिला उद्योगाच्या ऑफिसात कळलं. बटण दाबलं की फिरतं. पायाला कामच नाही. घरी येईपर्यंत शेपटी वाटेत दिसेल ते बटण दाबल्यासारखं करत आली. विजेचा खांब, कुणाची तरी सायकल, आजोबांचा सदरा.

अर्ज दिला गेला. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, "आमचे साहेब येऊन पाहणी करतील. येत्या काही दिवसांत कधीही. आधी कळवत नाहीत. धंदा खरंच तुमचा आहे ना, एवढंच बघतात."

"माझाच आहे," आई म्हणाली.

"मग काळजी कसली?"

घरी तयारी सुरू झाली. चादर काढायची, आजोबांनी घरी राहायचं, खुर्चीवर आई. त्याच संध्याकाळी आजोबांनी साहेब होऊन दाखवलं. बाबांचा जुना कोट चढवला, पोट पुढे काढलं आणि उंबऱ्याशी येऊन खाकरले.

"काय गं मुली, इथे धार कोण लावतं?"

"आजोबा," शेपटी म्हणाली.

आई कपाळावर हात मारून हसायला लागली. आजोबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. "अगं बये, आई म्हण, आई. आजोबा आता रिटायर झाले."

"हां. आई."

"पुन्हा विचारतो. धार कोण लावतं?"

"आई."

"शाब्बास. मशीन मंजूर," आजोबा म्हणाले आणि थरथरत्या हाताने तिच्या डोक्यावर हवेतच शिक्का मारला.

दुसऱ्या दिवसापासून आई पुढे बसली. साहेब आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आली ती गिऱ्हाइकं, आणि पूर्वीसारखीच डोकावून गेली. आठवडा तसाच गेला. टोपलीत कात्र्या कमी होत होत शेवटी टोपलीचा तळ दिसायला लागला.

मग गणवेशवाले शिंपीकाका आले. शाळा उघडायच्या होत्या, आणि सगळ्या शाळांचे गणवेश ह्यांच्याकडे. काखेत कात्र्यांचं गाठोडं. त्यांनी आईकडे बघितलं, रिकाम्या दोरीकडे बघितलं.

"आजोबा कुठायत?"

"घरी आहेत. द्या ना काका, मी लावून ठेवते."

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास? आजोबा उद्या येणार असतील तर उद्या येतो. नाहीतर मग स्टेशनजवळ एक जण आहे म्हणतात."

हे गाठोडं हातचं गेलं असतं, तर त्या महिन्याचं काही खरं नव्हतं. आईने टोपलीच्या तळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "येतील उद्या."

दुसऱ्या दिवशी दोरीवर चादर चढली. आजच्या दिवसापुरती, असं आई स्वतःलाच दोनदा म्हणाली. शिंपीकाका सकाळीच गाठोडं ठेवून गेले.

आणि नेमका त्याच दुपारी एक माणूस दुकानाकडे वळला. बारीक चणीचा, घामाने भिजलेला, खांद्याला पिशवी. हातात घरातली साधी कात्री, कागदात गुंडाळलेली. शेपटीने डब्यावर टकटक केलं. चाक थांबलं.

"धार लावायची होती," तो म्हणाला. "लगेच मिळेल का?"

"बसा की," आजोबा म्हणाले. "जरा वेळ थांबलात तर मिळेल. माझ्या हातचं काम आहे, तक्रार यायची नाही."

"आत्ता बाहेर आवाज येत होता चाकाचा."

"मीच होतो. आत्ताच उठून आलो."

माणसाने मान डोलावली. मग तो शेपटीकडे बघून हसला. चांगला हसला, घरी मुलगी असलेला माणूस हसतो तसा.

"तू काय करतेस गं इथे? आजोबांना मदत?"

"हो."

"धार कोण लावतं? तू का?"

"नाही काही. आजोबा."

"आणि आई?"

"आई घरी असते," शेपटी म्हणाली.

माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. तो पिशवीची चेन उघडायला लागला आणि जरा ओशाळून म्हणाला, "आजोबा, मी महिला उद्योगाच्या ऑफिसातून आलोय. पाहणीला. घरची कात्री होती, म्हटलं चाललोच आहे तर घेऊन जावी."

शेपटीला आपले कान गरम झालेले कळले. मग चादर बाजूला झाली आणि आई लंगडत बाहेर आली. कोपरापर्यंत दगडाचा काळा राडा, कपाळावरही एक पट्टा.

"साहेब, मी लावते धार. सगळी मीच लावते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, शेपटीकडे मात्र पाहिलं नाही.

"बाई, आत्ता तर हे म्हणाले..."

"ते गिऱ्हाइकांसाठी म्हणतात. द्या ती कात्री."

तिने ती कात्री घेतली. ह्या वेळी चादर बाजूलाच राहिली, आणि साहेबांनी उभं राहून सगळं बघितलं. पायडल खाली जाताना प्रत्येक वेळी आईचा ओठ दाताखाली जात होता, तेही. शेपटीने चिंधी पुढे केली. कच्.

"सुरेख," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "तुम्हाला काम येतं, ह्यात वादच नाही. पण काम कुणाला येतं ते बघायला मला पाठवत नाहीत हो. धंदा कुणाचा, ते बघायला पाठवतात. गिऱ्हाईक कुणाकडे येतं? बोलणं कोण करतं? मागच्या वर्षी कितीतरी जणांनी बायकोला पुढे करून मशिनं नेली. दाखवायला बाई, मालक दुसराच. माझ्यावर ठपका आला. आता मी जे बघितलं, जे ऐकलं, तेच लिहायचं."

"आम्ही उलटं केलंय, साहेब," आजोबा म्हणाले. त्यांचे हात मांडीवरून सुटले होते आणि उघड्यावर थरथरत होते. "आमच्याकडे दाखवायला मी आहे. हे हात बघा. ह्या हातांनी मला सदऱ्याचं बटण लागत नाही."

"मला पटतं, आजोबा. पण लहान मुलगी सहसा खोटं बोलत नाही, असं धरतात."

शेपटी उंबऱ्याकडे बघत राहिली.

साहेब जाताना धारेचे पैसे देऊ लागले. आई नको म्हणाली, तरी ते त्यांनी टोपलीत ठेवले. ते वाईट नव्हते, मुलांनो. वाईट असते तर बरं झालं असतं. कुणावर तरी रागावता आलं असतं.

नंतर आई ऑफिसात गेली, शेपटीला घेऊन. तिथल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली, गुडघ्याची विचारपूस केली. "एकदा पाहणी झाली की ह्या वर्षीचं दार बंद होतं," त्या म्हणाल्या. "तरी एक करा. तुमच्याकडचं एखादं जुनं गिऱ्हाईक घेऊन या. काम ह्याच करतात, व्यवहार ह्याच बघतात, एवढं त्यांनी येऊन सांगितलं तर मी वर बोलून बघते. वचन देत नाही हं."

जुनं गिऱ्हाईक म्हणजे गणवेशवाले शिंपीकाका. आई त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते निळ्या कापडाच्या ढिगात उभे होते आणि हातात तिनेच धार लावलेली कात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, मशीन तुम्हाला मिळावं असं मलाही वाटतं. पण मी खोटं कसं सांगू?"

"खोटं कुठे आहे त्यात? ही हातातली कात्रीसुद्धा माझ्याच..."

"असेलही. पण मी कात्री आजोबांच्या हातात देतो आणि त्यांच्याच हातातून घेतो. ते म्हणतात माझ्या हातचं काम. उद्या मी सरकारी ऑफिसात शपथेवर सांगायचं, की नाही, सुनेचं? म्हणजे इतकी वर्षं मला तुम्ही फसवलंत, हे पण सांगू का?"

परत येताना ती रस्त्यात दोनदा थांबली. गुडघा दुखतोय, असं म्हणाली. शेपटी तिचा हात धरून उभी राहिली. तिला एक गोष्ट विचारायची होती, पण धीर झाला नाही. शेवटी घराच्या वळणावर तिने विचारलं, "मी आई म्हणायला हवं होतं ना?"

"तुला आम्हीच शिकवलं होतं, राणी," आई म्हणाली. "तू चुकली नाहीस. तू अगदी बरोबर म्हणालीस." ह्या बोलण्याने शेपटीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इकडे आजोबांनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं. चादर होती तशीच राहिली, पण दुसऱ्या दिवशी पहिला शिंपी आला आणि आजोबा म्हणाले, "ठेवून जा. माझ्या सुनेच्या हातचं काम आहे."

शिंपी हसला. "काय आजोबा, आज मूड आहे वाटतं."

"चेष्टा करत नाहीये. मागे बसते ती. तीच लावते, कितीतरी वर्षं."

"बरं, बरं," म्हणून शिंपी हसत हसत गेला. दुसरा हसला नाही. त्याने आजोबांकडे जरा रोखून बघितलं, त्यांचे हात बघितले, कारण आजोबा आता ते लपवत नव्हते. "पाणी प्या, आजोबा," तो म्हणाला आणि कात्री न ठेवताच निघाला. दोन-चार दिवसांत रस्त्यावर बोललं जाऊ लागलं, की धारवाल्या म्हाताऱ्याला भ्रम होतोय. काहीतरीच बरळतो. हातही हलतात. अशा माणसाकडे चांगली कात्री कशी द्यायची?

खोटं बोलत होते तोवर सगळ्यांचा विश्वास होता. खरं बोलायला लागले, आणि लोकांना वाटलं, गेलं डोकं.

आई हे सगळं चादरीमागून ऐकत होती. टोपली पुन्हा हलकी झाली होती. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने चाक थांबवलं आणि चादरीची कड उचलून शेपटीला आत बोलावलं. आत अंधूक होतं, ओल्या दगडाचा वास होता. आईने पाय पाटावर लांब केला होता. गुडघ्याभोवती ओला फडका.

"आजोबांना जाऊन सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणावं, पूर्वीसारखंच बोला. माझ्या हातचं काम म्हणा. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. तू सांग, तुझं ऐकतात ते."

"आणि मशीन?"

"मशीन पुढच्या वर्षी बघू. आधी पुढच्या वर्षापर्यंत दुकान तर राहू दे."

"आणि तुझा पाय?"

आईने पाय उचलून पुन्हा पायडलवर ठेवला. टोपलीतली शेवटची कात्री उचलून तिने पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "जा ना."

शेपटी उठली. चादरीपर्यंत गेली. फटीतून तिला आजोबांची पाठ दिसली, खुर्चीच्या मानाने फार लहान झालेली. ते रस्त्याकडे बघत होते आणि कुणी येत नसतानाही ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून बघत होते. तिने कान दिला. "सुनेच्या हातचं काम आहे. माझ्या सुनेच्या हातचं." साहेब झाले होते तेव्हा जशी तालीम केली होती, तशी ते तालीम करत होते. फक्त आज कुणी हसत नव्हतं.

शेपटी बराच वेळ तिथेच उभी राहिली. चादर तिच्या मुठीत होती. मागून आईने विचारलं, "सांगितलंस का गं?"

शेपटीने चादर सोडली, मागे वळली आणि चाकाखाली जाऊन ओल्या फरशीवर आईकडे तोंड करून बसली. मग चपला काढल्या, आणि पायडलवर आईच्या पायाशेजारी आपली दोन्ही पावलं ठेवून जोर लावला.